बोर्ड वाळवू नका, धुवा!

मंडळी, आजची नोंद पिकाची नाही. पिकाला पाणी देणाऱ्या डब्यांची आहे. अमावास्येच्या उधाणाला वरून पाऊस आणि खालून भरती एकदम आली, खाजणातलं पाणी बांध ओलांडून वाड्यांत शिरलं. आमच्या नवापुरात पाच-सहा स्टार्टर, दोन मोबाइल स्टार्टर आणि बरेच फोन बुडाले. असं होतंच, समुद्राला लागून राहायचं तर होणारच. पण त्यानंतरच्या आठ दिवसांत लोकांनी त्या बुडालेल्या वस्तूंचं जे केलं, ते बघून गप्प बसवत नाही.

एकाने फोन तांदळाच्या डब्यात पुरला. दुसऱ्याने स्टार्टरचं झाकण उघडून उन्हात ठेवलं, दुपारी बटण दाबलं, मोटार फिरली. लगेच गावभर सांगितलं, काही होत नाही रे, खारं पाणी गेलं तरी चालतं. सहाव्या दिवशी त्याच्या बोर्डातून धूर. तिसरा आपला बोर्ड घेऊन डीलरकडे गेला, तर त्याने झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, "पाणी गेलंय, नवीन बोर्ड टाका." साडेतीन हजार. तिघांचं वेगवेगळं दिसतं, पण मुळात तिघांची समजूत एकच. पाणी गेलं म्हणजे एकतर वाळवायचं, नाहीतर फेकायचं. मधला रस्ता आहे हे कोणी सांगतच नाही.

आधी तांदळाचं बोलू, कारण हे खूळ घराघरात आहे. आपण भात पिकवणारी माणसं. भाताचा ओलावा काय असतो हे आपल्याला शिकवायला नको. साठवायचा तर १४ टक्क्यांच्या आत पाहिजे, सरकारी खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांच्या वर घेत नाहीत. दाणा हवेशी देवाणघेवाण करतो. हवा कोरडी असली तर ओलावा सोडतो, दमट असली तर ओढतो. जुलैत आमच्याकडे हवेची आर्द्रता ८५-९० टक्के असते, डब्यातला तांदूळ हाताला चिकट लागतो, सोंडे होतात. तो तांदूळ आधीच पाणी पिऊन बसलाय, तो तुमच्या फोनमधलं पाणी कुठून ओढणार? फोन पंख्याखाली ठेवला तर तांदळापेक्षा लवकर वाळतो. वर तांदळाची पिठी आणि कणी चार्जिंगच्या भोकात जाते ती वेगळी. खुद्द ॲपल कंपनीने आपल्या सूचनांत लिहिलंय की ओला आयफोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका. वाडा कोलमला जीआय मिळालंय ते जेवायला, फोन पुरायला नाही.

पण समजा, तांदळाने नाही तरी पंख्याने, उन्हाने फोन किंवा बोर्ड कडकडीत वाळला. तरी काम झालं का? नाही झालं. आणि इथेच किनारपट्टीच्या माणसाने नीट ऐकायला पाहिजे, कारण मोबाइलच्या व्हिडिओत जो सल्ला मिळतो तो बहुतेक गोड्या पाण्याचा असतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी उडून जातं, मीठ जागेवर राहतं. मिठागरात हेच तर करतात. तुमच्या बोर्डावर एक छोटं मिठागर तयार होतं, चिपच्या पायांमध्ये, सोल्डरच्या टाक्यांवर. आता मिठाचा गुण बघा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं ते हेच. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला तर ३३ टक्के आर्द्रताही पुरते. म्हणजे दिवसा उन्हात वाळवलेला बोर्ड रात्री पुन्हा ओला होतो, कोणी पाणी न घालता. रोज रात्री. सहाव्या दिवशी धूर का आला त्याचं उत्तर एवढंच आहे. पहिल्या दिवशी मोटार चालली म्हणजे बोर्ड वाचला असं नसतं.

कृषी सहायक आणि सल्लागार मंडळींसाठी हेच तुमच्या भाषेत सांगतो. आपण विहिरीच्या पाण्याचा ईसी मोजतो. ०.७५ डेसिसायमनच्या आत असलं तर निर्धास्त, तीनच्या वर गेलं की भाजीवाल्याच्या कपाळाला आठ्या. समुद्राच्या पाण्याचा ईसी ५० च्या आसपास असतो, हातातले बरेच मीटर २० च्या पुढे मोजतच नाहीत. ईसी म्हणजे काय, तर पाण्यातून वीज किती सहज जाते त्याचं माप. जे पाणी मुळाला नको, ते बोर्डाला तर विषच. आणि हे फक्त समुद्राचं नाही. फर्टिगेशनच्या टाकीशेजारी लावलेला ड्रिपचा कंट्रोलर उघडून बघा. विद्राव्य खताचं पाणी उडून उडून टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर बसलेला असतो. ते खताचे क्षार आणि गंजलेलं तांबं. तेही मिठागरच, फक्त खताचं. घाटावरच्या ज्या वाचकांना वाटतं हा कोकणातल्या खाऱ्या वाऱ्याचा विषय आहे, त्यांनी आपली फिल्टर रूम बघावी.

आता मुख्य मुद्दा. बोर्ड पाण्याने मरत नाही. पाणी असताना दिलेल्या विजेने मरतो.

दोन तांब्याच्या रेघा शेजारी शेजारी आहेत, एकीवर प्लस, एकीवर मायनस, आणि मधे खाऱ्या पाण्याचा थेंब. प्लसकडचं तांबं विरघळून पाण्यात उतरतं आणि मायनसकडे जाऊन साठतं. त्याच्या झाडाच्या मुळ्यांसारख्या बारीक तारा वाढत जातात आणि शेवटी दोन रेघा जोडतात. शॉर्ट. दुसरीकडे प्लसची रेघ खाऊन खाऊन तुटते. वीज नसेल तर हेच काम फार हळू होतं, गंज चढायला दिवस लागतात. वीज असेल तर मिनिटांत, तासांत होतं. म्हणून भिजलेला फोन "चालू होतो का बघू" म्हणून बटण दाबणं, आणि त्याहून वाईट म्हणजे "बॅटरी उतरली असेल" म्हणून चार्जिंगला लावणं, हा खून आहे. पाण्यात पडलेला फोन मेला नव्हता. तुम्ही मारलात.

मग करायचं काय? सांगतो, पण एक अट. विजेच्या बाबतीत शूरपणा नको. पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावायचा नाही. पेटी बुडालेली असेल तर लाइनमनने खांबावरून सप्लाय तोडेपर्यंत लांब राहायचं. सौर पंपवाल्यांनो, तुम्ही तर जास्तच जपा. महावितरणची लाइट गेली म्हणजे तुमचं पॅनेल गेलं असं नाही. उजेड आहे तोवर पॅनेल वीज देतच असतं, आणि ओळीने जोडलेल्या पॅनेलची डीसी वीज जीव घेऊ शकते. आयसोलेटर बंद केला तरी पॅनेलकडून येणाऱ्या वायरी जिवंतच असतात. कंट्रोलरच्या आतले मोठे कपॅसिटरही बंद केल्यावर लगेच रिकामे होत नाहीत, दहा-पंधरा मिनिटं थांबून मीटरने बघावं लागतं. हे काम कळणाऱ्या माणसानेच करायचं.

वीज नक्की तुटली, मग बोर्ड काढायचा. काढण्याआधी वायरींचे फोटो काढा, कोणती वायर कुठे ते नंतर आठवत नाही. आणि मग जे ऐकून लोक माझ्याकडे वेड्यासारखे बघतात ते करायचं. बोर्ड पाण्याने धुवायचा. हो, पाण्यानेच. आधी स्वच्छ गोड्या पाण्यात बुडवून हलवायचा, दोन-तीनदा पाणी बदलून, म्हणजे मीठ आणि गाळ निघेल. मीठ पाण्यातच विरघळतं, तांदळात नाही. मग डिस्टिल्ड वॉटर, जे इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतो ते, पण बाटलीवर नीट बघून, ॲसिड नको. मऊ टूथब्रशने चिपच्या पायांमधून, कनेक्टरमधून हलक्या हाताने. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला रिपेअरवाले आयपीए म्हणतात. ते उरलेलं पाणी बाहेर काढतं आणि स्वतः पटकन उडतं. जवळ विस्तव, विडी, काही नको, भडकतं. मग सावलीत पंख्याखाली दोन दिवस. हेअर ड्रायर किंवा चुलीजवळची धग नको. गरम हवा पाणी आत ढकलते आणि प्लास्टिक वाकवते. ट्रान्सफॉर्मर आणि उघडे रिले बोर्डावर असतील तर आणखी एक-दोन दिवस, त्यांच्या पोटात पाणी दडून बसतं.

गोड्या पाण्यात बुडालेल्या बोर्डालाही हेच. पुराचं पाणी काही डिस्टिल्ड नसतं. ऑगस्ट २०१९ ला कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या मोटारी आणि पेट्या बुडाल्या, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूणची दुकानं बुडवली. तिथे मीठ कमी पण गाळ, सांडपाणी, तेल सगळं. गाळ वाळला की सिमेंट होतो, म्हणून वाळायच्या आत धुवायचा.

मोटारीचं वेगळं. सबमर्सिबल तर पाण्यातच असते, तिची काळजी नको, तिचा केबलचा जोड आणि वरची पेटी बघा. मोनोब्लॉक बुडाली तर खोलून, गोड्या पाण्याने धुऊन, बेअरिंग बदलून वायंडिंग वाळवायचं. जुने वायरमन पेटीत बल्ब लावून मंद उबेत दोन-तीन दिवस ठेवतात, तीच रीत बरोबर. आणि मग ५०० व्होल्टचा मेगर. एक मेगाओमच्या खाली दाखवलं तर मोटार चालू करायची नाही, कितीही भात सुकत असला तरी. दोनच्या वर गेला की मला झोप लागते. मेगर न लावता "वाळली असेल" म्हणून सप्लाय देणारा वायरमन असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. बोईसर एमआयडीसीच्या आसपास रिवाइंडिंगवाले कमी नाहीत, मेगर लावणारा शोधा.

सगळंच वाचवायचं असंही नाही. बुडालेला एमसीबी धुवायचा नाही, बदलायचा. त्याच्या आतली यंत्रणा गंजली तर ऐनवेळी ट्रिप होणार नाही, आणि त्याचं कामच ते आहे. फुगलेली मोबाइलची बॅटरी टोचायची नाही, चार्ज करायची नाही, दुकानदाराच्या हवाली करायची. फोनचं धुणंबिणं घरी करू नका, बॅटरी आत चिकटवलेली असते. बंद करा, सिम काढा, बाहेरून गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी फोन उघडून बॅटरीचा कनेक्टर काढणाऱ्या माणसाकडे न्या. आठ दिवस तांदळात ठेवून नेलात तर तो तरी काय करील?

आणि फोन म्हणजे चैन आहे, गेला तर गेला, असं कोणी म्हणू नये. ई-पीक पाहणी फोनवर. ओटीपी फोनवर. पंचनाम्याला दाखवायचे फोटो फोनमध्ये. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की खरीप २०२६ पासून भात पाण्याखाली गेल्याचं नुकसान पीक विम्यात पुन्हा धरणार, पण ७२ तासांत ॲपवर, जागेच्या नोंदीसह फोटो टाकून कळवायचं. छानच. ज्या पाण्यात भात बुडतो त्याच पाण्यात कंबरेचा फोनही बुडतो, एवढं कोणी लक्षात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आता कंपन्यांकडे वळतो, कारण सगळा दोष आपल्या माणसांच्या अज्ञानावर टाकणं सोपं आहे आणि ते खोटं आहे.

विकताना डबा "वॉटरप्रूफ" असतो. बिघडल्यावर "लिक्विड डॅमेज, वॉरंटीत बसत नाही." दोन्ही वाक्यं एकाच काउंटरवर ऐकू येतात. पेटीवर आयपी ६५ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ विकणारा सांगत नाही. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६५ म्हणजे धूळ जाणार नाही आणि नळीच्या फवाऱ्याने पाणी जाणार नाही. बुडवलं तर जाणार. आणि तेही केबलची भोकं ग्लँड लावून नीट बंद केली असतील तर. आमच्याकडे बसवणारा पोरगा भोकात वायर घालतो आणि वर इन्सुलेशन टेप गुंडाळतो. झाला आयपी शून्य. त्या भोकातून पाणी जायच्या आधी पाल आणि मुंग्या जातात. आयपी ६८ वाल्या महागड्या फोनची चाचणीही गोड्या, स्थिर पाण्यातली असते, कंपनीने ठरवलेल्या खोलीवर आणि वेळेपुरती, साधारण दीड मीटर, अर्धा तास. समुद्राची नाही.

हे मी एकटा म्हणत नाही. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलला १ कोटी युरो दंड केला. जाहिरात पाण्याची, आणि पाणी गेलं तर वॉरंटी नाही, याच कारणावरून. ऑस्ट्रेलियात जून २०२२ मध्ये न्यायालयाने सॅमसंगला १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरायला लावले. जाहिरातीत फोन घेऊन लोक समुद्रात आणि तरणतलावात, प्रत्यक्षात ओला असताना चार्ज केला तर चार्जिंगचं भोक गंजायचं. तिकडे श्रीमंत गिऱ्हाइकाच्या फोनसाठी एवढं झालं. आपल्याकडे स्टार्टरच्या, ड्रिप कंट्रोलरच्या, सौर पंपाच्या डब्यासाठी कोण विचारतो?

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त चीड आणते. बोर्ड उघडला की चिपवरचा नंबर घासून काढलेला असतो. मुद्दाम. म्हणजे गावातल्या रिपेअरवाल्याला कळूच नये की आत कोणता भाग आहे. दमटपणापासून वाचावा म्हणून अख्खा बोर्ड रेझिनमध्ये बुडवला असेल तर मी समजू शकतो, खाऱ्या हवेत त्याचा उपयोग आहे. नंबर घासण्याने कोणत्या पाण्यापासून बचाव होतो? पाच-पन्नास रुपयांचा भाग जळतो आणि साडेतीन हजारांचा बोर्ड विकला जातो. बचाव त्या साडेतीन हजारांचा.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल काढलं. त्यात चार क्षेत्रं घेतली, आणि मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या यांच्या बरोबरीने शेतीची अवजारंही आहेत. पोर्टल आलं. सक्तीचा कायदा नाही आला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती यंत्रांपुरता कायदा केला, की शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मेकॅनिकला सुटे भाग, माहितीपुस्तिका, सॉफ्टवेअरची साधनं द्यावीच लागतील. तो ट्रॅक्टरवाल्या मोठ्या शेतकऱ्यांनी भांडून घेतला. आपल्या दोन एकरांच्या वाडीला मोबाइल स्टार्टर म्हणजे ट्रॅक्टरच आहे.

कृषी विभागाच्या आणि विद्यापीठाच्या मंडळींना मान देऊनच सांगतो, तुम्ही यात कमी पडताय. अनुदानावर ऑटोमेशन द्या, सेन्सर द्या, हवामान केंद्र द्या, मीही घेतो. पण यादीत कंपनी बसवताना एक अट घाला की सुट्या भागांचे नंबर आणि बोर्डाची आकृती बिलासोबत मिळाली पाहिजे, किनाऱ्यावरच्या तालुक्यांत बोर्डावर ओलाव्यापासूनचा लेप असला पाहिजे, आणि पाच वर्षं भाग मिळाले पाहिजेत. सौर पंपाच्या राज्याच्या योजनेत पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. ती चांगली तरतूद आहे, शेतकरी मित्रांनो, कागद शोधून ठेवा आणि बुडाला तर आधी लेखी तक्रार करा, स्वतः खोलू नका, नाहीतर हमी जाईल. तीच अट साध्या पंपाच्या मोबाइल स्टार्टरला का नाही? आणि कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राला विनंती, मे महिन्यात भाताच्या बीजप्रक्रियेचं प्रशिक्षण घेता तसं एक दिवस पेट्या उंच बसवणं, ग्लँड लावणं आणि बोर्ड धुणं यावर घ्या. आयटीआयची पोरं बोलवा. राब भाजायच्या दिवसांत माणसं मोकळी सापडतात.

(एमआयडीसीच्या सांडपाण्याची पाइपलाइन आमच्याच किनाऱ्यावरून समुद्रात जाते, मग इथल्या पाण्यात फक्त मीठच असतं का, असं एकाने विचारलंय. तो विषय मोठा आहे, त्याच्यावर वेगळं लिहीन. बोर्ड धुवायला मात्र किनाऱ्यावरच्या विहिरीचं पाणी वापरू नका, आधी ईसी बघा.)

पुढच्या उधाणाच्या आत दोन कामं करून ठेवा. पेटी गेल्या वेळच्या पाण्याच्या खुणेपेक्षा हातभर वर घ्या, वायर पेटीत खालून शिरू द्या आणि शिरण्याआधी तिला एक झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून गळेल, पेटीत जाणार नाही. आणि दोन-तीन घरांत मिळून लिटरभर आयपीए आणि पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर आणून ठेवा. उधाणाच्या रात्री दुकान उघडं नसतं.

डीलरने बोर्ड बदलला तर बिलावर कोणता भाग गेला ते लिहून घ्या आणि जुना बोर्ड परत मागा. तुमच्या पैशाचा आहे, त्याने ठेवून घ्यायचं कारण नाही. आतापर्यंत चौघांनी असे काढून टाकलेले बोर्ड माझ्याकडे आणून दिलेत. उघडीप मिळाली की एकेक धुऊन, मीटर लावून बघणार आहे. कोणता खरंच मेला होता आणि कोणता नुसता खारट झाला होता, ते फोटोंसकट इथे टाकतो.